गेम रिव्ह्यू लिहायचेत, पण शिव्या आणि आरोप झेपतील का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, हौसेने गेम रिव्ह्यू लिहितेस, एका रिव्ह्यूत बायकांची पात्रं नुसती शोभेला ठेवलीत असं लिहिलंस तर शिव्या सुरू झाल्या, वर 'हिने पैसे खाल्लेत, एथिक्स नाही' हेही ऐकावं लागलं. भाऊ म्हणतोय मुलाच्या नावाने लिही नाहीतर सोड. आणि त्यातच एक स्टुडिओ पैसे देतोय, चांगलं लिही म्हणून.

आधी ते पैसे. घेऊ नकोस. फुकट कॉपी चालते, रिलीजच्या आधी रिव्ह्यू कॉपी मिळणं हे या लाईनमध्ये रोजचंच आहे, फक्त ती कंपनीने दिली हे रिव्ह्यूच्या सुरुवातीलाच लिहायचं. मतासाठी पैसे घेतले की ती जाहिरात झाली. शॅडो ऑफ मॉर्डोर या गेमसाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबवाल्यांना पैसे दिले पण प्रेक्षकांना ते नीट कळलं नाही, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये कंपनीवर कारवाई केली. त्याआधी २००७ मध्ये गेमस्पॉट या गेम रिव्ह्यूच्या साईटवरच्या जेफ गर्स्टमनने केन अँड लिंचला १० पैकी ६ दिले, त्याच गेमच्या जाहिराती साईटवर झळकत होत्या, आणि त्याची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावाबद्दल त्याला उघड बोलता आलं ते थेट २०१२ मध्ये. एथिक्सचा खरा प्रश्न हा आहे बघ, पैसा कुणाचा आणि वाचकाला सांगितलं का.

आता तुझ्यावरचा आरोप. २०१४ च्या गेमरगेटमध्ये, म्हणजे एथिक्सचं नाव पुढे करून गेमिंगमधल्या बायकांना ऑनलाईन छळण्याची जी मोहीम चालली तिच्यात, हेच झालं. डिप्रेशन क्वेस्ट हा गेम बनवणाऱ्या झोई क्विन यांनी ओळखीतून चांगला रिव्ह्यू मिळवला असं पसरवलं गेलं, पण ज्या पत्रकाराचं नाव घेतलं त्याने त्या गेमचा रिव्ह्यू केलेलाच नव्हता! तरी धमक्या थांबल्या नाहीत. गेममधल्या बायकांच्या चित्रणावर व्हिडिओ करणाऱ्या अनिता सार्कीशियनला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीतलं भाषण रद्द करावं लागलं, कारण गोळीबाराची धमकी होती आणि तिथल्या कायद्यामुळे परवाना असलेल्यांना बंदूक घेऊन हॉलमध्ये यायला बंदी घालता येत नव्हती. मला याचा अजूनही राग येतो.

तेव्हा पात्रांबद्दलचं मत हा पक्षपात नाही, ते रिव्ह्यूचं कामच आहे. फक्त पुरावा दे. 'सेक्सिस्ट आहे' एवढंच लिहून थांबू नकोस, कुठल्या सीनमध्ये ती बोलत असताना कॅमेरा चेहरा सोडून भलतीकडे फिरतो, मिशनमध्ये तिला स्वतःहून काही ठरवता येतं की हिरो सोडवेपर्यंत बसूनच राहते, हे दाखव, मग कंट्रोल्स आणि बग्सवरही तितक्याच बारकाईने लिही.

नावाचं म्हणशील तर टोपणनाव खुशाल घे, सुरक्षिततेसाठी घेतलेलं नाव म्हणजे फसवणूक नव्हे, एडिटरला खरं नाव माहीत असलं की झालं. पण बाई असल्याचं लपवायचं म्हणून मुलगा बनून लिहू नकोस, ते सोंग रोज सांभाळताना दमशील. टू-स्टेप लॉगिन लाव, पत्ता-फोन कुठे दिसत असेल तर काढ, धमकीचे स्क्रीनशॉट ठेव आणि घरच्यांपासून काही लपवू नकोस.

नोकरीचं स्पष्ट सांगते, फक्त रिव्ह्यूवर पोट भरणारे थोडे, पूर्णवेळ जागा कमीच आहेत. म्हणून डिग्री पूर्ण कर आणि सोबत क्यूए टेस्टिंग (गेम खेळून चुका शोधणं), कम्युनिटी मॅनेजमेंट (कंपनीतर्फे खेळाडूंशी संवाद ठेवणं), नॅरेटिव्ह डिझाईन (गेमची गोष्ट रचणं) हेही बघून ठेव, बारकाईने खेळून नेमकं लिहिता येणाऱ्याला तिथे मागणी असते. सध्या तीन रिव्ह्यू नीट तयार कर, प्रत्येकावर किती तास खेळलीस, कशावर खेळलीस, कॉपी कुठून आली हे टाक, आणि स्टुडिओला आजच नकार कळव.