मनीचं पोट फुगलंय, आता काय?

प्रश्न: डॉक्टर, मी इंदूरला रामबागेत राहते, आमची मांजर मनी दहा महिन्यांची, ताप उतरतच नाही आणि पोट नुसतं फुगत चाललंय. इथल्या डॉक्टरांनी एफआयपीची (फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, मांजरांचा जीवघेणा आजार) शंका काढली, वरून म्हणाले की याला इलाज नाही. खरंय का हो?

उत्तर: ताई, पाचसहा वर्षांपूर्वी मीही हेच सांगितलं असतं, पण आता औषध आहे. मांजरांचा कोरोनाव्हायरस आतड्यात असतो, बहुतेकींना काहीच करत नाही, एखादीच्या अंगात तो बदलतो आणि मग एफआयपी होतो (आपल्या कोविडशी संबंध नाही, तुम्हाला लागणार नाही). म्हणून नुसती अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, ती धडधाकट मांजरांतही येते. पोटातलं पाणी काढून तपासायला सांगा, पिवळट चिकट असतं, त्याची पीसीआर (विषाणू शोधणारी चाचणी) होते, आणि रक्तात अल्ब्युमिन ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचा रेशो ०.४ च्या खाली गेला की शंका पक्की होत जाते.

विषाणूवरच्या या औषधाचं नाव जीएस-४४१५२४. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाचे पशुवैद्यक संशोधक पेडरसन यांनी ३१ मांजरांवरचा अभ्यास छापला, त्यातल्या २५ बऱ्या झाल्या! कोर्स ८४ दिवसांचा, पोटात पाणी असलेल्यांना ४२ दिवसही पुरतात असं नंतर दिसलंय. रेमडेसिव्हिर त्याचंच भावंड. पण डोस वजनावर ठरतो, मनी वाढली की तोही वाढवावा लागतो, त्यामुळे ऑनलाइन कुणाकडून बाटली मागवून स्वतःच सुरू करू नका. महूचं व्हेटर्नरी कॉलेज तुम्हाला जवळच आहे, रिपोर्ट घेऊन उद्याच निघा.