मनगटं दुखतात, करंगळी बधिर होते. मोटरसायकलला उंच हँडल बसवू का?

तुम्ही लिहिलंय: रोज पारोळा-जळगाव जा-ये, 150 सीसीची गाडी, साधं पाइप हँडल, उंची पावणेसहा फूट, मनगटं दुखतात आणि करंगळी बधिर होते. धुळ्यात गॅरेज आहे, त्यामुळे असा प्रश्न दिसला की लिहावंच लागतं. कारण "हँडल वर घे भो, आराम पडेल" हा सल्ला चुकीचा आहे आणि तो आमच्याच लाइनीतली माणसं छातीठोकपणे देतात.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतंय, म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेवर अंगाचं वजन पडून तिथली नस दबतेय. अंगठा आणि पुढची दोन बोटं मुंग्यांनी भरत असती तर मी लिव्हरचा कोन बघा म्हटलं असतं. तुमच्याकडे वजन हातावर येतंय. ते का येतंय हे आधी शोधा. गाडी मेन स्टँडवर लावून बघू नका, मागचं चाक उचललं जातं आणि सीटचा उतार खोटा दिसतो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून कुणाला तरी गाडी धरायला सांगा, पाय फूटरेस्टवर घ्या आणि हात सोडून द्या. टाकीकडे घसरत असाल तर दोष सीटचा आहे. पुढच्या भागातला फोम बसलाय, तुम्ही दिवसभर हातांनी अंग मागे ढकलताय. अशा गाडीला कितीही उंच हँडल लावा, करंगळी बधिर होणारच. सीटवाल्याकडून पुढचा फोम बदलून घ्या.

चाळीसगावच्या एका शिक्षकांची 350 सीसी गाडी आली होती. तक्रार हीच, मनगटं. एका ॲक्सेसरीवाल्याने त्यांना मूळ हँडलपेक्षा 60-65 मिमी उंच आणि चांगलंच रुंद हँडल बसवून दिलं होतं. वायरी मात्र जुन्याच. कन्नडचा घाट चढताना डाव्या वळणावर हँडल पूर्ण वळलं की मूठ न पिळता रेस वाढायची. एक्सलेटरची वायर उजव्या मुठीतून निघून टाकीखाली जाते. डावीकडे वळताना उजवी मूठ पुढे सरकते आणि वायर ताणली जाते. उजवीकडे वळताना तेच क्लचच्या वायरीचं, अर्धवट क्लच दाबून धरल्यासारखी प्लेट घासत होती. पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची नळी, इतका ताणला होता की मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरपाशी असलेली ब्रेक तेलाची डबी) बोल्टपाशी तेलाचा ओला वळसा दिसत होता, बोट लावलं तर रंग उडालेला. एवढं करून मनगटांचं दुखणं तसंच, वर खांद्यांच्या मधोमध नवं दुखणं. हात उंच आणि रुंद धरले की खांदे आवळलेले राहतात, आणि मोकळ्या हायवेवर सत्तरच्या पुढे वारा छातीवर बसतो, मग माणूस हँडलला लोंबकळतो. ताठ बसल्यावर खड्ड्याचा दणकाही सरळ कमरेत जातो. त्यांच्या गाडीला मूळ हँडल परत लावलं, ते थोडं मागे फिरवलं, सीटचा पुढचा फोम भरला. दुखणं तेवढ्यात गेलं.

म्हणून नवीन काही घेण्याआधी आहे तेच हँडल फिरवून बघा. हँडल आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे चार बोल्ट ढिले करा, मुठीची टोकं 8-10 मिमी मागे येतील एवढंच फिरवा. जास्त फिरवलं तर टोकं खाली झुकतात आणि मनगट उलटं मोडतं. हँडल फिरलं की लिव्हर पण फिरतात, ते वेगळे ढिले करून असे बसवा की कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ राहील.

तरीही हात लांब पडतात, तर 20 ते 25 मिमीचा रायझर, म्हणजे हँडलखाली बसणारा उंचीचा ठोकळा, लावा. लक्षात घ्या, हँडल ज्या टीवर (पुढच्या फोर्कचे दोन्ही पाइप धरणारी वरची पट्टी) बसतं ती मागे कललेली असते. त्यामुळे साधारण 26 अंशाच्या कोनात 25 मिमीचा रायझर हँडल 22-23 मिमी वर आणि 11 मिमी मागे आणतो. हे मागे येणंच जास्त कामाचं. एवढ्यात बहुतेक गाड्यांच्या मूळ वायरी पुरतात. 30च्या पुढे गेलात तर लांब वायरी आणि होज धरूनच खर्च मोजा. नवीन हँडलच घ्यायचं असेल तर मूळ पाइपचा व्यास मोजून घ्या, तुमच्या वर्गातल्या गाड्यांना तो बहुधा 22 मिमी असतो. रुंदी मूळ हँडलएवढीच आणि टोकं मागे वळलेली बघा. मुठीत स्क्रू-ड्रायव्हर सैल धरा, तो आडवा सरळ राहत नाही, तिरका होतो. सरळ दांड्याचं हँडल मनगटाला तो तिरकेपणा देत नाही.

बसवताना दोन ठिकाणी घोळ होतो. स्विचच्या डबीत आतून एक खिट्टी असते, ती हँडलच्या भोकात बसते. बाजारच्या हँडलला बरेचदा भोक नसतं, मग मिस्त्री खिट्टी कानशीने उडवतो. उडवू देऊ नका, डबी मुठीबरोबर फिरायला लागते. लिव्हर आणि स्विचची जागा पक्की करून खूण करा आणि खिट्टीच्या मापाचं भोक पाडा. दुसरं, क्लॅम्प. त्यावर बाण किंवा ठिपका असेल तर तो पुढे ठेवा, पुढचे दोन बोल्ट आधी पूर्ण आवळा, फट मागे राहू द्या. जुन्या हँडलच्या टोकात वजनं असतील तर ती नव्यात टाका, नाहीतर झिणझिण्या वाढतील.

क्लिप-ऑन हँडलच्या (फोर्कच्या दोन पाइपांना दोन वेगळे दांडे आवळलेले असतात ते) गाडीला यातलं बरंचसं लागू नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, हाही फार उंच हँडल टाळायचा एक मुद्दा.

रस्त्यावर काढण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवा. रेस केसभरही वाढली, किंवा अंगठा टाकी आणि मुठीत चेपला, तर गाडी बाहेर काढू नका. क्लच लिव्हरच्या टोकाला 10-15 मिमी ढिल राहिली पाहिजे, तीही दोन्ही बाजूंना वळवून तपासा. पहिल्या दिवशी जळगावला पोचलात की क्लॅम्पचे चारही बोल्ट परत बघा.