प्रश्न वाचकांचे : घरातल्या माणसांविषयी लिहिताना

प्रश्न : माझे पती तीन वर्षांपूर्वी गेले. मार्केट यार्डात त्यांचे गुळाचे अडत दुकान होते. आमचा आंतरजातीय प्रेमविवाह. सासरच्यांनी आठ वर्षे मला घरात घेतले नाही, पुढे सारे सुरळीत झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसले की देवमाणूस, कष्टाळू, मनमिळाऊ असेच शब्द येतात आणि त्यांत ते मला दिसत नाहीत. २०१९ च्या महापुरात आमचे सगळे अल्बम गेले. दीर आणि नणंद हयात आहेत, त्यांना दुखवायचे नाही. कसे लिहू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या लेखनात शेवटच्या आजारपणाला बरीच पाने मिळाली आहेत आणि सासरचे दार बंद असलेली आठ वर्षे मात्र एका वाक्यात संपली आहेत. माझ्या मते तुमची कथा त्या आठ वर्षांत आहे. त्या काळात दिवाळीला ते आईकडे एकटे जात होते का? जात असतील, तर परत आल्यावर काय बोलत, आणि तुम्ही त्या दिवशी घरात काय करत होतात? ते आईवडिलांशी तुमच्यासाठी भांडले की गप्प राहिले, आणि गप्प राहिले असतील तर तुम्हाला त्यांचा राग आला होता का? गेलेल्या माणसावरचा राग लिहिणे ही त्याच्याशी प्रतारणा आहे, असे आपल्याकडे मानले जाते. परंतु ज्याच्यावर बायको कधी रागावलीच नाही असा नवरा कोणालाच खरा वाटत नाही, आणि तुम्हाला ते पानावर दिसत नाहीत याचे कारणही बहुधा हेच असावे. कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत (१९८७) मुलाच्या शिक्षणाच्या आड येणारा बाप रंगवला, तो त्याचा कठोरपणा न झाकता.

‘देवमाणूस’ खोडा. त्याऐवजी सौद्याला निघताना ते काय सांगून निघत, रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा जिभेवर ठेवून गूळ पारखताना त्यांचा चेहरा कसा होई, आगाऊ उचल घेऊन दुसऱ्याच्या दुकानी माल घालणाऱ्या शेतकऱ्याशी ते कसे बोलत, हे लिहा. सासूबाई कोल्हापुरी बोलीप्रमाणे ‘मी येतो’ म्हणत असतील तर प्रमाणभाषेच्या धाकाने त्याचे ‘येते’ करू नका.

अल्बम गेल्याचे दुःख मी समजू शकतो, कारण त्या ऑगस्टमध्ये आपल्या शहरातील असंख्य घरांनी तेच भोगले. पण छायाचित्रांच्या प्रती नणंदेकडे किंवा दिरांकडे असू शकतात, आणि त्या मागायला गेलात तर भावाच्या ज्या आठवणी तुमच्याकडे असूच शकत नाहीत, त्या आठ वर्षांतल्या त्यांच्या घरातल्या, त्याही मिळतील. दीर-नणंदेविषयीची पाने छापण्यापूर्वी त्यांना वाचायला द्या. तारीख, नाव, घटनाक्रम यांत चूक दाखवली तर दुरुस्त करा. तुम्हाला काय वाटले, हे बदलण्याचा आग्रह मात्र मान्य करू नका. त्यांचे आजार, कर्ज, संसारातील भांडणे ही तुमची कथा नव्हे, ती वगळा. कायदाही लक्षात ठेवा : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मजकूर केवळ खरा आहे एवढा बचाव पुरत नाही, तो लोकहितासाठी आवश्यकही असावा लागतो, आणि नातेवाइकांच्या भावना दुखवण्याच्या हेतूने मृत व्यक्तीविषयी केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो.

घाई करू नका. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले आणि त्यांच्या पत्नी रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये आले.

प्रश्न : तरुणपणी एका व्यक्तीने मला लिहिलेली प्रेमपत्रे मी जपून ठेवली आहेत. ती व्यक्ती आता हयात नाही. आत्मकथनात ती छापू शकतो का?
– एक सेवानिवृत्त वाचक

उत्तर : पत्रांचा कागद तुमचा आहे, मजकूर नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पत्रातील लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो, त्यामुळे पत्रे जशीच्या तशी छापायची तर वारसांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. ती मागणे म्हणजे त्या घराला ही गोष्ट कळवणे, आणि तिथे ती कोणालाच ठाऊक नसेल तर तुम्ही परवानगी न मागणेच मला योग्य वाटते. पत्र आले त्या दिवशी तुमचे काय झाले, ते कुठे लपवलेत, उत्तर लिहिलेत की नाही, हे तुमच्या शब्दांत आणि ओळख पटेल असा तपशील गाळून लिहा. त्यासाठी कोणाचीच परवानगी लागत नाही. तुमच्या पत्नी हयात असतील तर हस्तलिखित प्रथम त्यांना वाचायला द्या.