तीस हजारांची जास्तीची बॅटरी घ्यावी का?

प्रश्न: मी सासवडला राहतो, नोकरी खराडीला. जाऊन-येऊन रोज ६४ किलोमीटर होतात. हातात पगार ३८ हजार. सध्याची पेट्रोल गाडी लिटरला ५० देते, ती काढून इलेक्ट्रिक मोटरसायकल घ्यायची आहे. ३.२ युनिट बॅटरीचं मॉडेल ऑन-रोड १ लाख ३० हजारांना आहे, ४.५ युनिटचं १ लाख ६० हजारांना. जुन्या गाडीचे ३० हजार येतील, बोनसचे ३० हजार बाजूला आहेत. उरलेल्या रकमेसाठी ३ वर्षांचं कर्ज १२ टक्क्यांनी मिळतंय. शोरूमवाले म्हणतात, लहान बॅटरी तुम्हाला पुरणार नाही. माझ्याच रस्त्याने जाणाऱ्या मित्राकडे लहान बॅटरीची गाडी आहे. कागदावर १५० किलोमीटर लिहिलंय, त्याला ८० मिळतात. मोठी घ्यावी का? की १ लाख २० हजारांची एफडी मोडून कर्जच टाळावं? आणि कर्जावर करसवलत मिळते म्हणतात, ती मिळेल का?

उत्तर: शेवटचं आधी. इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट कलम ८०ईईबीखाली होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. तुम्हाला ती मिळणार नाही, हिशेबात धरू नका. एफडीलाही हात लावू नका. ३८ हजारांच्या पगारावर १ लाख २० हजार म्हणजे जेमतेम तीन-चार महिन्यांचा घरखर्च. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर तेवढाच आधार आहे. तो मोडून गाडीत घातलात तर अडचणीच्या वेळी क्रेडिट कार्डावर याल, आणि त्या व्याजापुढे हे १२ टक्के काहीच नाहीत.

आता बॅटरीचं. मित्राला ८० किलोमीटर मिळतात एवढ्यावरून तो गाडी कशी चालवतो याचा अंदाज येतो. कागदावरचा आकडा ठरावीक चाचणीतून येतो. आपल्याकडच्या इलेक्ट्रिक दुचाकींच्या ‘इंडियन ड्राइव्ह सायकल’ या चाचणीत कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आहे आणि सरासरी २२ च्या आसपास. फुरसुंगीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर ४२ ने कोण चालवतो?

वेग वाढला की हवा अडवते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० वरून ८० वर गेलात की निव्वळ हवेपायी लागणारी वीज दर किलोमीटरला पावणेदोन पटीपेक्षा जास्त होते. समोरून वारा असेल तर तोही वेगातच मिळवायचा. रिव्होल्ट कंपनीने आपल्या आरव्ही ४०० या गाडीबद्दल जाहीर केलेलेच आकडे घ्या. बॅटरी ३.२४ युनिटची. इको मोडमध्ये ताशी ४५ पर्यंत १५० किलोमीटर, नॉर्मलमध्ये ६५ पर्यंत १००, स्पोर्टमध्ये ८५ पर्यंत ८०. बॅटरी तीच, रस्ता तोच, आणि रेंज जवळजवळ निम्मी.

पेट्रोल गाडीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. तिथे शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मायलेज पडतं आणि हायवेला वाढतं. इलेक्ट्रिकचं बरोबर विरुद्ध आहे. सिग्नलला उभी असताना मोटर वीज खात नाही, हळू चालताना फारच कमी खाते. हडपसर ते खराडीच्या कोंडीत तुम्ही वैतागाल, बॅटरी नाही. ती संपते मोकळ्या रस्त्यावर. हवा कमी असलेले टायर, सुटताना जोरात पिळणं आणि पुढच्या वळणावर कचकन ब्रेक मारणं, या सवयीही रेंज खातात. पण वेगापुढे त्या किरकोळ.

तुमच्या रस्त्याची एक गंमत आहे, ती शोरूममध्ये कोणी सांगणार नाही. सासवड वर, पुणे खाली. सकाळी बॅटरी भरलेली असताना तुम्ही दिवे घाट उतरता. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज परत भरते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती घ्यायला जागाच नसते. म्हणून रात्री चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवता आलं तर थांबवा. संध्याकाळी मात्र घाट शेवटी येतो, बॅटरी सगळ्यात रिकामी असताना. गाडी आणि स्वार मिळून १८५ किलो धरले तर १०० मीटर उंची चढायला बॅटरीतून सुमारे ६० वॉट-तास जातात (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). दोन-अडीचशे मीटरच्या चढाला सपाटीवरच्या चार-पाच किलोमीटरइतकी वीज लागते. फार नाही. पण चार्ज अगदी खाली गेला की बऱ्याच गाड्या ताकदही कमी करतात, आणि हे घाटात झालेलं परवडत नाही.

आता पैशाचं. घाट, सिग्नल सगळं धरून, ६० च्या आत चालवलंत तर किलोमीटरला सुमारे ३३ वॉट-तास लागतील. मित्रासारखं चालवलंत तर ४०. म्हणजे ६४ किलोमीटरला एकदा २.१ युनिट आणि एकदा २.५६ युनिट. ३.२ युनिटच्या नव्या बॅटरीत पहिल्या पद्धतीने घरी पोचताना तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त बॅटरी शिल्लक असेल, दुसऱ्या पद्धतीने २० टक्के. चार-पाच वर्षांनी बॅटरीची क्षमता १५ टक्क्यांनी उतरली असं धरा. सावकाश चालवणारा तेव्हाही २० टक्क्यांच्या वर राहील. जोरात चालवणाऱ्याकडे पाच-सहा टक्के उरतील, तेही वाट वाकडी करून कुठे भाजी घ्यायला गेला नाही तर. शोरूमवाले खोटं बोलत नाहीत. ते तुम्हाला जोरात चालवणारा धरून चाललेत.

आणि जोरात चालवण्याची किंमत तुमच्या वीजबिलात दिसत नाही. वर्षाला १८ हजार किलोमीटर, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज मिळवून आणि युनिटला १२ रुपये धरून, सावकाश चालवलं तर ८ हजार रुपये होतात, जोरात चालवलं तर ९,७००. महिन्याला १४० रुपयांचा फरक, कोणाला कळणारही नाही. पेट्रोलवर वेगाचे पैसे पंपावर दर आठवड्याला जातात आणि खिशाला ते जाणवतं. इलेक्ट्रिकमध्ये तेच पैसे शोरूममध्ये एकदम, मोठ्या बॅटरीच्या रूपाने जातात, वर त्यांचं व्याज.

ते किती, बघा. पेट्रोल लिटरला १०५ धरलं तर आज तुमचे वर्षाला ३७,८०० रुपये जातात. सावकाश चालवून महिन्याला साधारण २,४८० वाचतील. लहान बॅटरीच्या गाडीला ७० हजारांचं कर्ज लागेल, हप्ता २,३२५. म्हणजे पेट्रोलच्या पैशातून हप्ता सुटतो, घरखर्चाला धक्का नाही. मोठी घेऊन जोरात चालवलंत तर कर्ज एक लाखाचं, हप्ता ३,३२१ आणि बचत २,३४०. दर महिन्याला जवळपास हजार रुपये खिशातून, तीन वर्षं. व्याजासकट त्या जास्तीच्या बॅटरीचे ३६ हजार होतात.

बदल्यात मिळतं काय? तुमच्या वाटेवर ८० ने जाता येईल असा रस्ता एका बाजूला फार तर २० किलोमीटर असेल. तो ८० ने १५ मिनिटांत होतो, ६० ने २० मिनिटांत. दिवसाला दहा मिनिटं.

मोठ्या बॅटरीच्या बाजूनेही बोलायला हवं. ती रोज कमी रिकामी होते म्हणून सावकाश झिजते, आणि विकताना दोन पैसे जास्त मिळतील. पण वॉरंटीची अट वाचा. ‘पाच वर्षे किंवा ७५ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते’ असं लिहिलं असेल, तर तुमची वॉरंटी चार वर्षांच्या थोडं पुढे संपते. जुन्या गाडीचे पैसे वजा करून व्याजासकट लहान गाडी ३ वर्षे १० महिन्यांत वसूल होते, मोठी सव्वापाच वर्षांत. मोठीचे पैसे वॉरंटी संपल्यावर फिटणार, हे मला पटत नाही.

तेव्हा माझं मत लहान बॅटरी, ७० हजारांचं कर्ज, एफडी तशीच. मात्र एका अटीवर. आत्ताच्या पेट्रोल गाडीवर पंधरा दिवस काटा ६० च्या वर न्यायचा नाही, असं ठरवून ऑफिसला जाऊन बघा. उशीर झाला, मागून ट्रकने हॉर्न मारला, पोराने कट मारला, तरीही. जमलं तर लगेच बुकिंग करा. नाही जमलं तर सध्याची गाडी आणखी वर्षभर चालवा, महिन्याला दोन-अडीच हजार बाजूला टाका आणि पुढचा बोनस मिळवून मोठी बॅटरी कमी कर्जात घ्या. हप्त्याच्या ताणाने चिडून पिळत जाण्यापेक्षा ते बरं.

बुकिंगच्या आधी ऑफिसच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट मिळेल का, हे ॲडमिनला विचारा. पैसे भरायची तयारी दाखवा, मीटर लावून घेतील. तो मिळाला तर प्रश्न ६४ किलोमीटरचा राहतच नाही, ३२ चा होतो, आणि मग ८० नेसुद्धा लहान बॅटरी पुरते.