अम्मान आडनाव: दोन एम, दोन एन, तसंच्या तसं

तुमची पोस्ट वाचली. नवरा स्विस, आडनाव अम्मान (Ammann), आणि लग्नाच्या मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून आणलं तर त्यात शेवटचा एक एन गायब. वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्या सासरचं आडनावही हेच आणि आमचाही हाच एन गेला होता.

आधी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं, हे आडनाव आलं कुठून. या आडनावाचा जॉर्डनच्या राजधानीशी किंवा तमिळ देवीशी काहीही संबंध नाही. ते जर्मन 'आम्टमान'चं झिजलेलं रूप. मालकाच्या वतीनं सारा गोळा करणारा, गावातले तंटे सोडवणारा अधिकारी. आपल्याकडे देशमुख, कुलकर्णी जसे हुद्द्यावरून आडनावात आले, तसंच. काही कँटनमध्ये, म्हणजे स्विस प्रांतांमध्ये, सरकारच्या प्रमुखाला आजही 'लांडअम्मान' म्हणतात. अमेरिकेतल्या साधेपणानं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं 'आमिश' हे नावही याच आडनावातून आलाय: 1693 साली त्यांच्या मूळ पंथात फूट पडली, तेव्हा ज्यांनी याकोब अम्मान या धर्मगुरूची बाजू घेतली, ते आमिश.

आता मुख्य दुखणं. आमच्या दाखल्यावर आडनाव देवनागरीत होतं आणि ते बरोबरच होतं. पण शेवटी दोन एन आहेत हे देवनागरीत दिसणार कुठून? भाषांतर करून देणाऱ्या कार्यालयानं पासपोर्टची प्रत समोर असूनही देवनागरी वाचून इंग्रजी स्पेलिंग स्वतःच बनवलं. दाखवून दिलं तर म्हणे, "मॅडम, उच्चार तोच आहे ना!" त्याच कागदावर नोटरी झाली, पुढचे शिक्के बसले, सगळं स्वित्झर्लंडला गेलं आणि तिथून परत आलं. मग भाषांतर नव्यानं, शिक्के नव्यानं, फी नव्यानं. तेवढे दिवस आम्ही दोघं दोन देशांत. त्या कार्यालयानं साधं पत्र द्यायलाही नकार दिला, याचा राग अजून जात नाही. माणसाचं नाव आहे ते, अंदाजानं लिहायची गोष्ट नाही.

म्हणून माझं ठाम मत: आडनावाचं भाषांतर नको आणि उच्चारावरून स्पेलिंगही नको. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खालच्या दोन ओळींत जी अक्षरं आहेत, तीच हवीत. कच्चा मसुदा मागा, बोट ठेवून एकेक अक्षर वाचा, मगच सही-शिक्का. 'इंग्रजीत एकच एन चालतो' असं कुणी म्हणालं तर ओथमार अम्मानचं नाव सांगा. न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल (1931) बांधणारा हा स्विस इंजिनियर तिथेच स्थायिक झाला, पण दोन्ही एन शेवटपर्यंत टिकले.

तुम्ही स्वतः हे आडनाव लावणार आहात का, ते लिहिलं नाहीत. 2013पासून स्वित्झर्लंडमध्ये लग्नानंतर दोघांची आडनावं आपापलीच राहतात. एकच हवं असेल तर तसं सांगावं लागतं. जोडीदाराचं आडनाव मधे छोटी रेघ देऊन मागे जोडायची पद्धतही आहे. 2016 साली स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष असलेले योहान श्नायडर-अम्मान मूळचे श्नायडर, अम्मान बायकोचं. पण असं जोडनाव नोंदवहीतलं अधिकृत आडनाव नसतं, त्यामुळे भारतीय अर्जात ते भरू नका, असं मी तरी म्हणेन.

मी वकील नाही, आणि कँटनप्रमाणे कागद बदलतात. तुमच्या स्विस नोंदणी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवर विसंबू नका.

आणखी एक, अर्ज भरताना. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, घराण्याचं मूळ गाव असतं. आपल्याकडचे एजंट तेच जन्मस्थान म्हणून टाकतात. नवऱ्याचा जन्मदाखला बघूनच तो रकाना भरा.