बेन जॉन्सनचे सिनेमे: सुरुवात कुठून करावी?

'द लास्ट पिक्चर शो'मधला (१९७१) सॅम द लायन पाहून तुम्ही विचारलंत, हा नट इतकी वर्षं होता कुठे? वेस्टर्नमध्येच, म्हणजे अमेरिकन काउबॉयपटांमध्येच होता. बहुतेक वेळा घोड्यावर आणि नायकाच्या जरा मागे.

बेन जॉन्सन १९१८ साली ओक्लाहोमात जन्मला. वडील गुरं पाळणारे, रोडिओ (काउबॉयांच्या घोडेस्वारी आणि फास टाकण्याच्या स्पर्धा) गाजवलेले. निर्माता हॉवर्ड ह्यूजने 'द आउटलॉ' या सिनेमासाठी घेतलेले घोडे पोचवायला तो हॉलिवूडला गेला आणि तिथेच राहिला. घोडे सांभाळायचे, स्टंट करायचे, मोठ्या नटांच्या जागी घोडा फेकायचा. 'फोर्ट अपाचे'च्या शूटिंगला घोडे उधळले, माणसांसकट गाडी सुसाट निघाली, ती यानेच अडवली. त्या सिनेमाचा दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याला करारावर घेतलं ते त्यानंतर.

तुम्ही आधी 'वॅगन मास्टर' (१९५०) बघा. त्यात तो चक्क नायक आहे, आणि मला तो फोर्डच्या मोठ्या नावाच्या सिनेमांपेक्षाही जवळचा वाटतो. त्याच वर्षीच्या 'रिओ ग्रांडे'त जॉन्सन आणि हॅरी केरी ज्युनिअर दोन-दोन घोड्यांच्या पाठीवर उभे राहून दौडतात. डमी नाही, तेच दोघं.

मग १९५३ मध्ये गडी सिनेमा सोडून वर्षभर रोडिओत गेला. टीम रोपिंगमध्ये, म्हणजे दोन स्वारांनी मिळून बैलाला फास टाकण्याच्या खेळात, जगज्जेता झाला. हाती पैसा मात्र लागला नाही, म्हणून परत आला. 'शेन'मधला कॅलोवेही त्याच वर्षीचा: आधी शेनच्या अंगावर दारू ओततो, पण शेवटी त्यालाच सावध करायला येतो. 'द वाइल्ड बंच'मध्ये (१९६९) तो आणि वॉरन ओट्स गॉर्च भाऊ झालेत; तिथे तो अगदी वेगळा, रांगडा.

सॅमची भूमिका त्याने आधी नाकारली होती. संवाद फार, वर शिव्या. फोर्डने स्वतः फोन करून त्याला राजी केलं. जेमतेम दहा मिनिटांचं काम, त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. रोडिओचं जगज्जेतेपद आणि ऑस्कर दोन्ही मिळवलेला दुसरा कोणी नाही.

'वॅगन मास्टर' झाला की 'द लास्ट पिक्चर शो'मधला तळ्याकाठचा तो प्रसंग पुन्हा लावा. कॅमेरा हळूहळू जवळ येतो, सॅम जुन्या प्रेमाबद्दल बोलत असतो, आणि तो बसलाय अगदी तसाच, जसा वीस वर्षांपूर्वी खोगिरावर बसायचा.