नाईट ड्युटीवरच्या लेकीस

प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

तुझा मेसेज मिळाला. रात्री अडीच वाजता एवढं लांबलचक लिहिलंस, म्हणजे वॉर्ड शांत असणार. उत्तर मात्र कागदावर लिहितेय. त्या इवल्या बटणांवर माझी बोटं चालत नाहीत, आणि असल्या विषयावर अंगठ्याने लिहावं असंही वाटत नाही.

नगर सोडल्यापासून देव लांब गेल्यासारखा वाटतो, असं तू म्हणतेस. घरी संध्याकाळची कुटुंबप्रार्थना, रविवारची उपासना, तरुण संघ हे सगळं आपसूक व्हायचं. आता दर आठवड्याला पाळी बदलते, रविवारची सुट्टी नशिबात असेल तर मिळते, आणि पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडलं की दुसऱ्या ओळीला डोळे मिटतात. शेवटी मला, तुझ्या संडेस्कूलच्या बाईंना, विचारलंस, "बाई, माझा विश्वास संपत चाललाय का?"

नाही गं. विश्वास संपलेली माणसं असले प्रश्न विचारत नाहीत, निवांत झोपतात.

झोपेचंच आधी बोलू. बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय काढ. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला भिऊन रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि "पुरे झालं, मला मरण दे" म्हणाला. देवाने त्याला काय दिलं? उपदेश नाही, जाब नाही. झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो जेवला आणि पुन्हा झोपला. मग पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. होरेब डोंगरावर देव एलीयाशी मंद, सौम्य वाणीने बोलला, ते प्रकरण आपण संडेस्कूलमध्ये रंगवून सांगतो, पण ते फार नंतरचं आहे. तेव्हा सलग चार नाईट करून आल्यावर वचन वाचताना डुलकी लागली, तर त्याला पापाच्या वहीत टाकू नकोस. आधी जेव, झोप. तू स्वतः नर्स आहेस, हे मी तुला शिकवायचं म्हणजे कमालच झाली.

आता मुद्द्याचं. तू देवाची जवळीक मनाला काय वाटतं त्यावरून मोजतेस. भजनात डोळे भरून आले की देव जवळ, कोरडं वाटलं की देव लांब. यात तुझा एकटीचा दोष नाही. आपल्याकडे उज्जीवन सभांना, म्हणजे विश्वास पुन्हा जागवायच्या मेळाव्यांना, येणारे कितीतरी वक्ते हेच शिकवून जातात. रडलास तर आशीर्वाद मिळाला, रडला नाहीस तर जीवनात लपलेलं पाप आहे. मला हे कधीच पटलं नाही. देवाकडे आपला राबता आहे की नाही, एवढंच बघावं. गेल्यावर दरवेळी गोड वाटेलच असं नाही. आपल्या आईकडे गेल्यावर तरी दरवेळी कुठे वाटतं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते, तू ऐकलंही असशील, पण पुन्हा ऐक. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. हिंदुस्थानात परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. विधवांना आसरा दिला, शिकवलं, वर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, देवाच्या इतकं जवळचं माणूस दुसरं नसेल. आणि त्या स्वतः पुढे लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. आठ वर्षं! त्या काळात त्यांनी शाळा बंद केली नाही, की वचन वाचायचं सोडलं नाही. शोधतही राहिल्या आणि राबतही राहिल्या. पुढे केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा संसार सांभाळता सांभाळता मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या. त्या कामाला वर्षानुवर्षं लागली. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी त्यांनी ते हातचं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्या शेवटच्या वर्षात त्यांना रोज सकाळी काय "वाटत" असेल, मला कल्पना करवत नाही. भाषांतर मात्र पुरं झालं.

तुझी खरी अडचण वेळेची आहे. "पहाटे उठून एक तास शांत वेळ" हा नियम ज्यांनी घालून दिला, त्यांना सकाळी आठला ड्युटी संपवून लोकलने उभ्याने घरी यायचं नसतं. म्हणून मार्काचं शुभवर्तमान जरा वेगळ्या नजरेने वाच, पाळी करणाऱ्या माणसाच्या नजरेने.

पहिल्या अध्यायात कफर्णहूम गावातला तो शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, आहे. सकाळी सभास्थान, तिथे भूत लागलेला माणूस. मग शिमोन या शिष्याच्या घरी त्याच्या सासूला ताप. सूर्य मावळल्यावर तर सगळं गाव दाराशी, दुखणाईतांना घेऊन. तुमच्या कॅज्युअल्टीसारखंच. आणि दुसऱ्या दिवशी अजून अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. हे आपल्याला पाठ आहे, प्रत्येक शिबिरात सांगतात. पण पुढे वाच. शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत गेले आणि म्हणाले, सगळे तुम्हाला शोधताहेत. येशू परत त्या दाराशी गेला नाही. आजूबाजूच्या गावांकडे जाऊ या, म्हणाला. माणसांची गरज खरी होती, तरी त्यांच्या हाकेने त्याचा दिवस ठरला नाही.

आता सहावा अध्याय. शिष्य फिरून दमून आलेत, जेवायलाही सवड नाही. येशू म्हणतो, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या. म्हणजे रजा मंजूर! होडीत बसून निघाले, तर लोक पायी धावत त्यांच्याआधी पलीकडे पोचले. रजा रद्द. येशू चिडला नाही, त्याला त्यांचा कळवळा आला. त्याने शिकवलं, संध्याकाळी पाच हजार पुरुषांना जेवू घातलं. आणि एवढं झाल्यावर शिष्यांना होडीने पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि प्रार्थना करायला डोंगरावर गेला. हुकलेला एकांत त्याने रात्री भरून काढला.

म्हणून माझं म्हणणं, घड्याळाला बांधून घेऊ नकोस, पाळीला बांधून घे. ड्युटीवर जाताना आणि ड्युटीवरून आल्यावर, मग ती सकाळ असो की मध्यरात्र. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, यरुशलेमेकडच्या उघड्या खिडकीपाशी. तुझ्या होस्टेलच्या खोलीत खिडकीशी जागा नसेल तर खाटेची कड चालेल. पण जागा तीच ठेव. दहा मिनिटं. त्यात बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, तेही आठवडाभर एकच. रोज नवीन अध्याय उरकायचा आणि उठल्यावर काही आठवायचं नाही, त्यापेक्षा एकच स्तोत्र सात दिवस चघळ, वहीत हाताने उतरव. या आठवड्यात १३४ घे. तीनच वचनं आहेत, आणि ती रात्री परमेश्वराच्या घरात उभ्या राहणाऱ्या सेवकांसाठी आहेत. नाईट ड्युटीवाल्यांचं स्तोत्र आहे ते. आपण रात्री जागतो त्याची कुणी तरी नोंद ठेवली आहे, हे वाचून मला तरुणपणी फार बरं वाटलं होतं.

वॉर्डात काय करशील ते सांगते. साबणाने नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, हे तुम्हाला भिंतीवर चित्रं लावून शिकवलं असेलच. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी तेवढ्यात होते. मी मिशन हॉस्पिटलात असताना पुढच्या खाटेकडे वळण्याआधी हात धुता धुता त्या पेशंटचं नाव घ्यायचे. नाव, एवढंच. "प्रभू, हे सात नंबरचे बाबा." काय मागायचं ते कधी सुचायचं, कधी नाही. पौल रोमकरांस लिहितो ना, की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच आपल्यासाठी मध्यस्थी करतो, त्यावर सोडून द्यायचे. आणि धावपळीत, तातडीच्या उपचारांची क्रॅश कार्ट ढकलताना, येशूचा शिष्य पेत्र याची प्रार्थना पुरते. पाण्यात बुडता बुडता केलेली, तीन शब्दांची: "प्रभूजी, मला वाचवा."

मोठ्याने मात्र नको. अर्धवट शुद्धीतल्या, घाबरलेल्या पेशंटच्या डोक्याशी उभं राहून उपदेश करणारी मंडळी मी पाहिली आहेत. ते मला आवडत नाही. त्याला उठून जाता येत नाही, हे विसरायचं नाही. त्याने विचारलं तर सांग, प्रार्थना कर म्हणाला तर कर. नाहीतर त्याची चादर नीट बदल.

मोबाईलबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. गुलाबाच्या फुलावर छापलेलं वचन रोज सकाळी मलाही पाच ग्रुपांवरून येतं, त्यात आपले पाळकसाहेबही आहेत. मी नमस्काराचं चित्र टाकून मोकळी होते. ते वचन वाचणं नव्हे. भक्तिगीतांच्या रील्स बघत झोपणं म्हणजेही प्रार्थना नव्हे. गायचंच असेल तर स्वतः गा, बेसूर का होईना. नारायण वामन टिळकांची भजनं तुला लहानपणापासून पाठ आहेत. त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबा-ज्ञानोबांचा अभंग टाकून दिला नाही, ख्रिस्ताच्या पायाशी आणला. त्यामुळे प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत तेव्हा आपल्या घरातल्याच चालीत देवाशी बोलता येतं. लोकलमध्ये ओठातल्या ओठात म्हण, कुणी बघत नाही.

मंडळी, म्हणजे चर्च, शोध. मुंबईत मराठी उपासना होणाऱ्या मंडळ्या आहेत. जी होस्टेलपासून जवळ ती धर, जिचं संगीत चांगलं ती नव्हे. महिन्यात एकच रविवार मिळाला तर एकच. पण पाळकांना जाऊन भेट, पाळी सांग, म्हणजे गैरहजेरीत कुणी तरी विचारपूस करील. प्रभुभोजनाचा रविवार आधी विचारून घे आणि इन्चार्ज सिस्टरकडे तेवढी अदलाबदल मागून बघ. नाताळची रजा दुसरीला देऊन मला हा रविवार हवा, असंही म्हणता येतं. अशा सौद्याला कुणी नाही म्हणत नाही.

आणि एवढं सगळं करूनही कोरडं वाटलं तर? वाटेल. दीडशे स्तोत्रांत रडगाण्यांची काही कमी नाही. तेरावं "कोठवर, कोठवर" असं देवालाच विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. देवाला तक्रार करणारा माणूस देवाशी बोलतच असतो. फक्त एक बघ. भूक मेली, कशातच रस नाही, विनाकारण रडू येतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर ते आत्मिक कोरडेपण म्हणून सोसत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. मधुमेहाला गोळी घेणाऱ्याला आपण अविश्वासी म्हणत नाही.

तुझ्या मेसेजमध्ये मधेच एक ओळ होती, तीवर तू फार थांबली नाहीस. खोलीतल्या मैत्रिणीशी बोलणं बंद आहे, पैशांवरून. चूक तिची आहे म्हणतेस. असेल. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने हिशेब कसा मांडलाय बघ. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. चूक कुणाची हे विचारायलाही जागा ठेवलेली नाही. मला हे वचन कधीच सोपं गेलेलं नाही. पण रोज ज्या खोलीत गुडघे टेकायचे त्याच खोलीत दुसऱ्या खाटेवरच्या मुलीकडे पाठ फिरवून झोपायचं, आणि मग देव लांब का वाटतो म्हणून विचारायचं, हे जमणार कसं?

पैसे किती आहेत ते तू लिहिलं नाहीस. फार नसतील तर सोडून दे. फार असतील तर हप्त्याने दे म्हण, पण तोंडाने म्हण, मेसेजने नको. दोघींची सकाळपाळी एकत्र येईल तो दिवस धर, आणि जाताना खाली चहा घ्यायला तिला घेऊन जा.

या पत्राचं उत्तर त्यानंतर लिही. आईला माझा सलाम सांग. गुडघा आता बरा आहे.

तुझ्या संडेस्कूलच्या
बाई